युद्धनौका बांधणारा वेल्डर गोव्यात कसा तयार होतो?

जानेवारी २०१९ मध्ये संरक्षण मंत्रालयाने गोवा शिपयार्डशी दोन युद्धनौकांचा करार केला. पहिल्या नौकेचा कणा जानेवारी २०२१ मध्ये बसवला गेला आणि २३ जुलै २०२४ रोजी वास्कोत ‘त्रिपुट’चे जलावतरण झाले. दुसरी नौका, ‘तवस्या’, २२ मार्च २०२५ रोजी पाण्यात उतरली. जलावतरणाने जहाज पुरे होत नाही. आतली यंत्रे, नळ, केबल, शस्त्रे बसवणे आणि मग समुद्रातल्या चाचण्या, हे काम त्यानंतरही बराच काळ चालते.

आता हाच काळ एका मुलाच्या वयाशी लावून बघा. २०१९ च्या उन्हाळ्यात डिचोलीच्या एखाद्या शाळेतून दहावी झालेला मुलगा आयटीआयला फिटरला गेला असता, तर दोन वर्षांचा ट्रेड २०२१ ला संपला असता. कोविडमध्ये गेलेले महिने सोडूनच देऊ. मग एक वर्ष अप्रेंटिसशिप. मग कुणा जाणत्या कारागिराच्या हाताखाली किमान दोन वर्षे, तेव्हा कुठे फोरमन एखादे अवघड काम त्याच्यावर सोपवून दुसरीकडे वळू शकतो. म्हणजे २०२४ उजाडले. ३,६०० टनांची नौका पाण्यात उतरायला जितका वेळ लागला, जवळपास तितकाच वेळ एका मुलाचा हात बसायला लागतो.

संरक्षण उद्योगासाठी कुशल कामगार तयार करण्याचा सगळा प्रश्न या हिशेबात आहे. करारावर सही झाल्यावर माणसे शिकवायला घेतली, तर ती तयार होईपर्यंत जहाज निघून गेलेले असते. शिक्षण आधी सुरू व्हावे लागते, आणि आधी सुरू करायचे तर त्याचा खर्च आज कुणीतरी उचलावा लागतो.

हे आज बोलायचे कारण म्हणजे काम वाढले आहे. देशातले संरक्षण उत्पादन २०१४-१५ मध्ये ४६,४२९ कोटी रुपयांचे होते, ते २०२४-२५ मध्ये सुमारे १.५१ लाख कोटींवर गेले. त्याच वर्षी संरक्षण सामग्रीची निर्यात २३,६२२ कोटींची झाली. ऑगस्ट २०२० पासून केंद्र सरकार ठरावीक वस्तूंच्या याद्या काढते आहे. यादीत आलेली वस्तू ठरलेल्या मुदतीनंतर परदेशातून घेता येत नाही, ती इथेच बनवावी लागते. गोव्यापुरते पाहिले तर मार्च २०२३ मध्ये नौदलासाठी नव्या पिढीच्या ११ गस्ती नौकांचा करार झाला, त्यातल्या सात गोवा शिपयार्डकडे आहेत. तटरक्षक दलाच्या वेगवान गस्ती बोटी आणि प्रदूषण नियंत्रणाची जहाजेही याच आवारात बांधली जातात.

शिपयार्ड म्हणजे सगळे काही नव्हे. पिळर्णच्या किनेको कंपनीने पुण्याच्या आर अँड डीई (अभियंते) या डीआरडीओच्या प्रयोगशाळेबरोबर देशातला पहिला स्वदेशी संमिश्र (तंतू आणि रेझिन मिळून केलेल्या पदार्थाचा) सोनार डोम बनवला आणि २०१६ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या उपस्थितीत तो नौदलाकडे रवाना झाला. सोनार म्हणजे ध्वनीने पाण्याखालच्या वस्तू शोधणारे यंत्र, आणि हा नौकेच्या नाकाखाली, पाण्यात राहणारा त्याचा घुमट. त्यातून ध्वनिलहरी अडथळ्याविना जायला हव्यात आणि लाटांचा मारही सोसला पाहिजे. दिवाडीत ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या नौदलाच्या शिडाच्या नौका बांधल्या गेल्या. दाबोळीला नौदलाचा विमान दुरुस्ती कारखाना आहे. इतक्या छोट्या राज्यात इतक्या तऱ्हेचे संरक्षण काम चालते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

गेटचा जोड आणि नौकेचा जोड

वेल्डिंग गोव्यात कुणाला नवे नाही. गेट, ग्रिल, पत्र्याची शेड, ट्रॉलरची डागडुजी यासाठी गावोगाव वर्कशॉप आहे. तिथे चार वर्षे काम केलेला मुलगा शिपयार्डच्या चाचणीला जातो आणि नापास होऊन परत येतो, तेव्हा घरच्यांना वाटते की वशिला कमी पडला. बहुतेक वेळा खरे कारण वेगळे असते.

गेट बनवताना वेल्डर तुकडा हवा तसा फिरवून घेतो. वितळलेले लोखंड खाली सांडू नये म्हणून जोड नेहमी सपाट ठेवतो. जहाज तुकड्यातुकड्यांनी बांधतात, त्या प्रत्येक तुकड्याला ब्लॉक म्हणतात. शेडमध्ये असेपर्यंत क्रेनने ब्लॉक उलटा करता येतो. पण ब्लॉकला ब्लॉक जोडायची वेळ आली की जोड जिथे असेल तिथेच राहतो, वळायचे ते वेल्डरने. म्हणून चाचण्या पोझिशनप्रमाणे होतात. प्लेटचा सपाट जोड १जी, उभ्या प्लेटवरचा आडवा २जी, उभा ३जी, डोक्यावरचा ४जी. पाइपसाठी ५जी आणि ६जी. ६जीमध्ये पाइप ४५ अंशांत तिरपा, घट्ट बांधलेला असतो आणि वेल्डरने त्याच्याभोवती फिरून एकाच जोडात सगळ्या पोझिशन पार करायच्या. ६जी पास झालेला माणूस जगात कुठेही उपाशी राहत नाही, असे या धंद्यातले लोक म्हणतात आणि ते खरे आहे.

पोलादही वेगळे असते. नौदलासाठी हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने डीएमआर २४९ए हे पोलाद विकसित केले, ते ‘सेल’ या सरकारी पोलाद कंपनीच्या कारखान्यांत बनते आणि ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका अशाच पोलादाने उभी राहिली. पोलाद जितके जास्त ताकदीचे, तितके ते वेल्डिंगच्या वेळी ओलाव्याला घाबरते. वेल्डिंगच्या रॉडच्या आवरणात ओल असली तर आर्कच्या, म्हणजे विजेच्या ठिणगीच्या, उष्णतेने पाण्याचे विघटन होते, त्यातला हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो आणि जोड थंड झाल्यावर आतून तडा पाडतो. हा तडा लगेच दिसेल असे नाही. काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी पडतो. वेल्डर तोवर घरी गेलेला असतो.

यावर उपाय म्हणून असे रॉड साधारण ३०० ते ३५० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजून घेतात, नंतर गरम पेटीत ठेवतात आणि वेल्डरला थोडे थोडे करून देतात. जाड प्लेट असेल तर जोडाच्या दोन्ही बाजू आधी तापवून घेतात. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत केवढा ओलावा असतो ते सांगायला नको. उघड्या पुड्यातला रॉड काढून गेट जोडण्याची सवय लागलेल्या मुलाला हे नियम आधी जाच वाटतात. ते का आहेत हे एकदा कुणी समजावून सांगितले की तोच मुलगा दुसऱ्याला टोकतो. समजावून सांगणारा माणूस भेटणे हेच शिक्षण.

उष्णतेची आणखी एक भानगड आहे. वेल्डिंगचा जोड थंड होताना आकसतो आणि प्लेटला ओढतो. पापड एका बाजूने आधी वाळला की कडेने वर उचलतो, तसेच प्लेटचे होते. एका ब्लॉकमध्ये चार-पाच मिलिमीटरची ओढ राहिली तर पुढचा ब्लॉक जुळत नाही, मग कापा, घासा, पुन्हा जोडा. म्हणून कुठला जोड आधी मारायचा, मधून कडेकडे कसे जायचे, टप्पे मागे मागे घेत कसे जोडायचे याचा क्रम कागदावर लिहिलेला असतो. नकाशा आणि हा कागद वाचता येणे हे हाताइतकेच महत्त्वाचे आहे. दहावीपर्यंतची भूमिती ज्याने मनापासून केली आहे त्याला इथे फार उपयोग होतो, हे मी शाळकरी मुलांना मुद्दाम सांगते.

वेगवान बोटींचा वरचा भाग वजन कमी ठेवण्यासाठी बऱ्याचदा ॲल्युमिनियमचा करतात. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण त्याच्या पृष्ठभागावर जो ऑक्साइडचा पातळ थर असतो तो वितळायला दोन हजारांहून जास्त अंश लागतात. थर नीट साफ केला नाही तर खालचा धातू पाणी होतो आणि वरची साय तशीच राहते. पोलादावर दहा वर्षे काढलेला माणूसही ॲल्युमिनियमवर नवशिक्या ठरतो.

काम झाल्यावर जोड नुसत्या डोळ्यांनी पास होत नाही. महत्त्वाच्या जोडांचे एक्स-रे काढतात किंवा अल्ट्रासॉनिक तपासणी करतात. प्रत्येक वेल्डरला क्रमांक असतो आणि कुठला जोड कुणी मारला याची नोंद राहते. दोष निघाला तर तो कुणाच्या हातचा हे कळते. वेल्डरचे प्रमाणपत्रही सरसकट नसते. कुठली पद्धत, कुठली पोझिशन, किती जाडीपर्यंत, हे त्यावर लिहिलेले असते, आणि सलग सहा महिने त्या पद्धतीने काम केले नाही तर ते बाद होऊन पुन्हा चाचणी द्यावी लागते.

यातले बरेचसे काम तळाच्या अरुंद टाक्यांमध्ये चालते. माणूस जेमतेम शिरेल अशा भोकातून आत जायचे. वेल्डिंगसाठी वापरलेला आर्गॉन किंवा कार्बन डायऑक्साइड तिथे साठला तर तो प्राणवायूची जागा घेतो आणि माणसाला कळायच्या आत तो बेशुद्ध पडतो. म्हणून आत जाण्याआधी हवा तपासणे, पंखा लावणे, परवाना घेणे, बाहेर एक माणूस लक्ष ठेवायला उभा करणे हे नियम आहेत. सुरक्षेचा धडा हा अभ्यासक्रमातला शेवटचा, परीक्षेपुरता धडा असता कामा नये. पहिल्या दिवशीचा हवा.

मी वेल्डरवर जास्त बोलले, कारण तुटवडा तिथे सहज दिसतो. पण रंगाऱ्याचेही तेच. पोलाद वाळूसारख्या खड्यांच्या माऱ्याने साफ केल्यावर पहिला हात मारताना प्लेटचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश जास्त असावे लागते, नाहीतर डोळ्याला न दिसणारे पाणी रंगाखाली अडकते आणि दोन वर्षांत गंज वर येतो. गोव्याच्या पावसात हे मोजल्याशिवाय रंगवणे म्हणजे पैसे समुद्रात टाकणे. इलेक्ट्रिशियनला केबल भिंतीतून पार करताना ते भोक आग आणि पाणी दोन्ही रोखेल असे बंद करावे लागते. संमिश्र पदार्थांच्या कामात रेझिन किती वेळात घट्ट होईल हे खोलीच्या तापमानावर ठरते. ही कामे शिकवणारा ट्रेड आयटीआयत बहुधा नसतोच, कंपन्या आपापली मुले घेऊन शिकवतात.

आयटीआयत काय मिळते

देशात आयटीआयची कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून चालू आहे. आपल्याकडे पेडणे, म्हापसा, डिचोली, होंडा, पणजी, फर्मागुढी, वास्को, मडगाव, काकोडा, काणकोण अशी संस्थांची रांगच आहे. बहुतेक घरांपासून एका बसच्या अंतरावर एखादी संस्था सापडते. वेल्डरला आठवी पास चालते आणि कोर्स एक वर्षाचा. फिटर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे, दहावीनंतर. वास्कोला बोगद्याजवळ जहाजबांधणीचा डिप्लोमा शिकवणारी इन्स्टिट्यूट ऑफ शिपबिल्डिंग टेक्नॉलॉजी आहे, ती वाट सुपरवायझरकडे जाते.

सध्याच्या अभ्यासक्रमात वर्षाला १,२०० तास असतात. त्यातले ८४० प्रत्यक्ष कामाचे, २४० थिअरीचे, १२० रोजगार कौशल्यांचे. शिवाय १५० तास कारखान्यात किंवा प्रकल्पावर. ८४० तास ऐकायला खूप वाटतात. पण त्याच तासांत वेल्डरला गॅस वेल्डिंग, आर्क, सीओटू, टिग (आर्गॉन वायूच्या आडोशात करायचे नाजूक वेल्डिंग), कटिंग, तपासणी हे सगळे करायचे असते. मशीन तुकडीतल्या मुलांत वाटून मिळते. डोक्यावरच्या जोडाच्या वाट्याला त्यातले किती तास येतील याचा अंदाज कुणालाही करता येईल.

यात संस्थेला दोष देऊन भागणार नाही. आयटीआयचा हेतू मुलाला धंद्याची ओळख करून देऊन पायावर उभे करणे हा आहे, आणि ते काम या संस्थांनी कितीतरी घरांसाठी केले आहे. शिपयार्डला लागणारा हात मात्र त्याच्या पुढच्या टप्प्यावर घडतो. त्या टप्प्याला लागतात प्लेट, रॉड, गॅस, वीज आणि रोज जोड कापून आतला दोष दाखवणारा माणूस. सरावाचा खर्च किलोत मोजला जातो. प्लेट संपल्या की मुले जर्नल लिहीत बसतात.

आणि तो माणूस मिळणे हीच सगळ्यात कठीण गोष्ट. ६जी पास असलेल्या वेल्डरला आखातात किंवा मोठ्या प्रकल्पावर जे मिळते ते शिक्षकाच्या पगारात, तेही कंत्राटी नेमणुकीत, कसे मिळणार? निवृत्त होणारे शिपयार्डमधले कारागीर आठवड्यातून दोन दिवस जरी आयटीआयत येऊन उभे राहिले तरी मोठा फरक पडेल. त्यांच्याकडे शिक्षकाची पदविका नसते म्हणून दार बंद ठेवणे मला पटत नाही. पदविकावाला शिक्षक आणि पन्नाशीतला कारागीर, दोघे मिळून तुकडी चालवू शकतात.

केंद्राने मे २०२५ मध्ये मंजूर केलेली आणि नंतर पीएम-सेतू या नावाने सुरू झालेली योजना याच दिशेची आहे. ६०,००० कोटी रुपये, १,००० सरकारी आयटीआय, त्यातल्या २०० मध्यवर्ती आणि ८०० त्यांना जोडलेल्या, आणि कारभारात उद्योगांचा वाटा. गोव्याने यात जहाजबांधणीचा आग्रह धरावा. नव्या इमारती आणि संगणकाची खोली यावर पैसा संपला तर वेल्डरच्या हातात काही पडणार नाही. मुंबई आणि विशाखापट्टणमला केंद्राच्या सागरमाला या बंदर विकास कार्यक्रमातून जहाजबांधणीचे उत्कृष्टता केंद्र उभे राहिले, तिथे वेल्डिंगचे सिम्युलेटर आहेत. सिम्युलेटरवर हाताचा कोन आणि वेग शिकता येतो, रॉड फुकट जात नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत त्याचा खराच उपयोग होतो. पुढे मात्र खरी ठिणगी लागतेच.

अप्रेंटिसशिपचा कायदा

आयटीआयनंतरची पायरी अप्रेंटिसशिपची. यासाठी १९६१ चा कायदा आहे. आजच्या नियमांनुसार ३० किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस ठेवणे बंधनकारक आहे, आणि त्या मोजणीत कंत्राटी कामगारही धरतात. २०१९ च्या नियमांनी विद्यावेतनाची किमान रक्कम शिक्षणाप्रमाणे महिना ५,००० ते ९,००० रुपये ठरवली. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत यातला पाव हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार देते. वर्षाच्या शेवटी परीक्षा होते आणि राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळते. नोंदणी अप्रेंटिसशिप इंडियाच्या पोर्टलवर करायची.

गोवा शिपयार्ड ट्रेड अप्रेंटिस घेते. दाबोळीच्या नौदल विमान कारखान्यासाठी आणि कारवारच्या नौदल जहाज दुरुस्ती यार्डसाठी एकत्र जाहिरात निघते. कारवार परराज्यात असले तरी काणकोणच्या मुलाला ते पणजीपेक्षा जवळ आहे. या सगळ्या जागांना पोलीस पडताळणी लागते आणि कागदपत्रांत नाव, जन्मतारीख जुळत नसेल तर तिथेच गाडी अडते. आधार, शाळेचा दाखला आणि आयटीआयचे प्रमाणपत्र यांतली नावे आधीच तपासून घ्या. साधी गोष्ट आहे, पण त्यापायी वर्ष वाया गेलेली मुले आहेत.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. अप्रेंटिसशिप संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे असे कायदा सांगत नाही. कोणाला घ्यायचे याचे धोरण मालकाने ठरवायचे.

मधली वर्षे कुणाची?

आयटीआय सरकारची, अप्रेंटिसशिप कारखान्याची. त्यापुढची, प्रमाणपत्र हातात आहे पण हात अजून बसलेला नाही अशी दोन-तीन वर्षे कुणाचीच नसतात. मुलगा तेव्हा कंत्राटदाराकडे हेल्पर म्हणून लागतो. कंत्राटदाराला आज जोड मारणारा माणूस हवा असतो, तो नवख्याला शिकवत बसत नाही. मुलगा ग्राइंडर धरतो, केबल ओढतो, वर्षभराने कंटाळून डिलिव्हरीच्या बाईकवर दिसतो. त्याच्यावर खर्च झालेले दोन वर्षांचे शिक्षण तिथेच संपते. माझ्या मते आपल्याकडची खरी गळती ही आहे, आयटीआयच्या रिकाम्या जागा नव्हेत.

मुंबईच्या माझगाव डॉकने ही वर्षे आपल्याकडे घेतली आहेत. तिथल्या प्रशिक्षण शाळेत आठवीनंतर, दहावीनंतर आणि आयटीआयनंतर अशा तिन्ही पायऱ्यांवरून मुले घेतात आणि यार्डच्याच वातावरणात वाढवतात. गोव्याचे या यार्डशी जुने नाते आहे. पोर्तुगीजांनी १९५७ मध्ये सुरू केलेले वास्कोचे यार्ड मुक्तीनंतर काही वर्षे माझगाव डॉककडेच भाडेपट्ट्याने होते, १९६७ मध्ये त्याची स्वतंत्र कंपनी झाली.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे. तिथे पाणबुड्यांचे काम वाढले आणि येत्या दहा वर्षांत सुमारे एक लाख कामगार लागतील असा अंदाज आला. नौदलाने व्हर्जिनिया राज्यातल्या डॅनव्हिल या गावी १६ आठवड्यांचे प्रशिक्षण सुरू केले. वेल्डिंग, सीएनसी (संगणकाने चालणारे) मशिनिंग, दोष तपासणी, मोजमाप आणि थ्रीडी छपाई एवढेच विषय, पूर्ण वेळ, कारखान्यासारख्या पाळ्यांत. पैसा मुख्यतः संरक्षण खात्याचा. मला यातली सगळ्यात बोलकी बाब म्हणजे गावाची निवड. डॅनव्हिल हे तंबाखू आणि कापडगिरणीचे गाव. गिरणी बंद पडली आणि कारखान्याची शिस्त अंगात असलेली माणसे घरी बसली. त्यांच्याकडे नौदल गेले.

आपल्याकडे असे पट्टे कुठले हे वेगळे सांगायला नको. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या. डिचोली, सत्तरी, सावर्डे, कुडचडे इथल्या गॅरेजमधले मेकॅनिक, मशीन ऑपरेटर, मांडवी-जुवारीच्या काठावर बार्ज बांधणारे आणि दुरुस्त करणारे वेल्डर, यांचे हात कामाचे होते. बार्ज म्हणजे जहाजच की. ज्याने बार्जचा तळ बदलला आहे त्याला ब्लॉक म्हणजे काय हे नव्याने सांगावे लागत नाही. त्याला चार महिन्यांचा नीट सराव, एक्स-रे चाचणी आणि त्या काळात घर चालेल एवढे विद्यावेतन दिले असते तर तो शिपयार्डला लगेच उपयोगी पडला असता. तेव्हा एकरकमी मदतीच्या चर्चा झाल्या, हाताच्या मदतीची फारशी झाली नाही. त्यांची मुले आज दहावी-बारावीत आहेत.

खर्चाची वाटणी मला अशी दिसते. प्लेट यार्डने द्याव्यात. कापून उरलेले तुकडे तिथे भरपूर निघतात. जागा आणि वीज आयटीआयची, संध्याकाळच्या पाळीत वर्कशॉप मोकळेच असते. सहा महिन्यांचे विद्यावेतन राज्य सरकारने आणि कंत्राटदारांनी मिळून द्यावे, आणि चाचणी यार्डच्याच पद्धतीने, यार्डच्याच तपासनिसाने घ्यावी. यात नवा कायदा करावा लागत नाही.

ऑर्डरचा भरवसा किती, हा प्रश्न मात्र रास्त आहे. सुरुंगविरोधी १२ जहाजे गोव्यात बांधायची म्हणून एके काळी केवढी आशा होती. दक्षिण कोरियाच्या कांगनाम कंपनीबरोबर वाटाघाटी चालल्या आणि २०१८ मध्ये ती प्रक्रिया रद्द झाली. म्हणून मुलाला एका जहाजासाठी शिकवू नये, प्रक्रियेसाठी शिकवावे. टिगने स्टेनलेस पाइप जोडता येणाऱ्याला वेर्णा, कुंडईच्या औषध कारखान्यांत काम आहे, आखातातल्या रिफायनरीत आहे, मुरगावच्या जहाज दुरुस्तीत आहे. संरक्षणाची ऑर्डर आली की तोच हात युद्धनौकेवर चालतो.

गोव्यातला मुलगा वळत का नाही

कारण त्याच्यापुढे दुसऱ्या वाटा आहेत, आणि त्या खोट्या नाहीत. शिपवर गेलेला काका, लंडनला गेलेली मावसबहीण, हॉटेलातली नोकरी, आणि सरकारी खात्यात चिकटण्याची आस. त्यापुढे धूर, उष्णता आणि अरुंद टाकी कुणाला आवडणार? यार्डमधल्या कंत्राटी कामावर ओडिशा, बिहार, झारखंडची मुले दिसतात, ती घरापासून दोन हजार किलोमीटरवर येऊन हे काम शिकतात आणि उत्तम करतात. त्यांच्याविषयी कुरकुर करण्यापेक्षा त्यांच्या शेजारी आपला मुलगा उभा करावा.

गोव्यातल्या अनेकांना मिळू शकणाऱ्या पोर्तुगालच्या कागदांबद्दल एक गोष्ट स्पष्ट असू द्या. पोर्तुगीज नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीय नागरिकत्व संपते आणि संरक्षण आस्थापनांतल्या नोकरीची वाट बंद होते. निर्णय ज्याचा त्याचा. पण अठराव्या वर्षी तो घेताना दुसरे दार लागते आहे हे मुलाला ठाऊक असावे.

आणि मुली. आयटीआयत त्या इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकाकडे जातात, वेल्डिंगकडे क्वचित. टिग वेल्डिंगला ताकद फार लागत नाही, स्थिर हात आणि चिकाटी लागते. दोष तपासणीत तर डोळा आणि नोंदवहीच कामाची. तिथे मुलींना अडवणारी गोष्ट बहुतेक ठिकाणी एकच, यार्डात आणि वर्कशॉपमध्ये कपडे बदलायला नीट खोली नसणे.

तुमच्या घरात कुणी या वाटेला लागत असेल तर प्रवेशाच्या वेळी संस्थेत जाऊन वर्कशॉप बघा आणि विचारा, एका मुलाला वर्षभरात किती प्लेट आणि किती रॉड मिळतात. अप्रेंटिस असताना रोज काय केले त्याची वही ठेवायला सांगा. पोझिशन, जाडी, पद्धत, पास की नापास, एवढे चार शब्द पुरतात. आणि पुढे कंत्राटदाराकडे चाचणी दिली की प्रमाणपत्र बहुधा त्याच्याच फाइलमध्ये राहते. कंत्राट संपल्यावर मुलगा रिकाम्या हाताने बाहेर पडतो आणि दुसऱ्या ठिकाणी हेल्परपासून सुरुवात करतो. त्या प्रमाणपत्राची प्रत त्याच दिवशी मागून घ्यायची आणि त्यावरची तारीख वहीत टिपून सहा महिन्यांचा हिशेब स्वतः ठेवायचा.